खरखर येते कुठून? मोटारीतील रेडिओपासून पडद्यापर्यंत दोषशोधाचा इतिहास

मोटारीतला रेडिओ खरखरू लागला की आपले लक्ष साहजिकच रेडिओकडे जाते. पडदा गोठला, नकाशा हलेनासा झाला, फोन जोडला जाईना, की आपण पडद्यालाच दोष देतो. दोष जिथे दिसतो तिथेच तो असणार, असे आपण गृहीत धरतो. पण मोटारीतल्या या उपकरणांचा नव्वद-पंच्याण्णव वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे गृहीतक पुन्हापुन्हा चुकीचे ठरलेले दिसते. रेडिओ खरखरायचा आणि दोष इंजिनात असायचा. पडदा बिघडायचा आणि दोष शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आकाशवाणी केंद्राने पाठवलेल्या चित्रात असायचा. म्हणून या यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास हा मुख्यतः दोषाचा पत्ता शोधण्याचा इतिहास आहे. तो समजला, तर आज घरच्या घरी काय करून पाहावे आणि कुठे थांबावे, हेही समजते.

मोटार : एक चालताबोलता प्रक्षेपक

१८८७-८८ मध्ये जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ याने विद्युत्चुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. त्यासाठी त्याने वापरले ते साधन अगदी साधे होते : दोन धातूंच्या गोळ्यांमधल्या फटीतून उडणारी विजेची ठिणगी. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी ठिणगीपासून निघालेल्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. मार्कोनीची सुरुवातीची बिनतारी यंत्रेही ठिणगीवरच चालत. ठिणगी उडते तेव्हा तारेतला विद्युतप्रवाह अतिशय जलद पुढेमागे हेलकावतो आणि त्यातून लहरी बाहेर फेकल्या जातात. या लहरी एका ठरावीक कंप्रतेच्या नसतात. त्या फार मोठ्या पट्ट्यात पसरलेल्या असतात.

आता पेट्रोलच्या इंजिनाकडे पाहू. त्यात इग्निशन कॉइल बॅटरीच्या ६ किंवा १२ व्होल्टपासून काही हजार व्होल्ट दाब तयार करते आणि स्पार्क प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर फटीत ठिणगी पाडते. प्लगपर्यंत जाणारी लांब तार एरियलचे काम करते. म्हणजे हर्ट्झच्या प्रयोगातले सगळे साहित्य बॉनेटखाली हजर असते! अशा प्रक्षेपकापासून हातभर अंतरावर आपण एक संवेदनशील रेडिओ बसवणार असू, तर काय ऐकू येईल, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयत्न झाले, पण ते महाग आणि किचकट होते. शिकागोमध्ये पॉल गॅल्व्हिन आणि जोसेफ गॅल्व्हिन या भावांनी १९२८ मध्ये एक छोटा कारखाना काढला होता. घरच्या रेडिओला बॅटरीऐवजी विजेच्या जोडणीवर चालवणारे उपकरण ते बनवत. ते फार काळ खपणार नाही हे ओळखून ते मोटारीच्या रेडिओकडे वळले आणि जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ-उत्पादकांच्या अधिवेशनाबाहेर गाडी उभी करून त्यांनी आपला रेडिओ लोकांना ऐकवला. ‘मोटोरोला’ हे त्याचे नाव पुढे कंपनीचेच नाव झाले. त्याची किंमत सुमारे ११० डॉलर होती, आणि त्या काळी फोर्डची एक चांगली गाडी साडेपाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे. दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने ‘ऑटोसुपर एएस ५’ हा युरोपातला पहिला मोटार-रेडिओ काढला. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते.

रेडिओ बनवण्यापेक्षा तो बसवणे अवघड होते. एरियलसाठी छताचे अस्तर उसवावे लागे, बॅटऱ्यांसाठी तळाला भोके पाडावी लागत. एवढे करून इंजिन सुरू केले की गाणे खरखरीत बुडून जाई. पहिल्या पिढीतल्या रेडिओ-मेकॅनिकला रेडिओइतकेच इंजिन समजून घ्यावे लागले, ते यामुळे.

कानाने केलेले निदान

त्यांच्याजवळ महागडी यंत्रे नव्हती. मुख्य साधन म्हणजे कान आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त. त्यांनी बसवलेल्या चाचण्या शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत.

पहिली चाचणी : रेडिओची एरियल काढून टाकायची. खरखर थांबली, तर ती एरियलमधून, म्हणजे हवेतून येत होती. थांबली नाही, तर ती बॅटरीच्या तारांवरून रेडिओत शिरत होती. एका कृतीने शक्यता निम्म्यावर आल्या.

दुसरी चाचणी : गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवायचा. आवाज ‘टक्-टक्-टक्’ असा असून वेगाबरोबर जलद होत गेला, तर संशय ठिणगीवर. शिटीसारखा सलग असून त्याची पट्टी चढत गेली, तर संशय डायनॅमोवर. वेगाशी आवाजाचा काहीच संबंध नसेल, तर इंजिन निर्दोष.

ठिणग्यांचा हिशेब वर्गात करता येतो. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. सिलिंडर चार असतील तर एका फेरीत दोन ठिणग्या होतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असेल, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. वेग निम्मा केला की ५०. मेकॅनिकचा कान हेच गणित करत असे.

तिसरी चाचणी आणखी बारीक आहे. इंजिन जोरात फिरत असताना इग्निशन बंद करायचे, रेडिओ मात्र चालू ठेवायचा. इंजिन लगेच थांबत नाही, क्षणभर गरगरत राहते. ठिणगी मात्र त्याच क्षणी बंद होते. आवाज ताबडतोब तुटला, तर दोष ठिणगीचा. आवाज हळूहळू उतरत गेला, तर डायनॅमोचा. दोन्ही संशयित एकाच इंजिनावर चालत असतानाही त्यांना असे वेगळे करता येई.

आणि कधीकधी दोषी या दोघांपैकी कोणीच नसे. कोरड्या हवेत टायर रस्त्यावर घासून पुढच्या चाकांवर स्थितिक विद्युतभार साठे. बेअरिंगमधल्या ग्रीसच्या थरामुळे तो गाडीच्या सांगाड्यात सहज उतरत नसे, मग बारीक ठिणग्यांनी उडी मारत उतरे. याची ओळख अशी : गाडी चालताना खरखर येते, आणि ब्रेक हलकेच दाबला की थांबते. कारण ब्रेकमुळे चाक आणि सांगाडा यांच्यात विजेला वाट मिळते. उपाय म्हणून चाकाच्या टोपीखाली एक छोटी स्प्रिंग बसवत. रेडिओच्या तक्रारीवरचे औषध चाकात!

ठिणगीवरचा उपाय म्हणजे प्लगच्या तारेत काही हजार ओहमचा रोध बसवणे. यावर गाडीमालक शंका घेत : रोध घातल्यावर ठिणगी दुबळी नाही का होणार? ओहमच्या नियमात उत्तर आहे. ठिणगी उडण्याआधी तारेतून जवळजवळ प्रवाह नसतोच, आणि प्रवाह शून्य असेल तर रोधाच्या दोन टोकांमधला विभवांतरही शून्य. त्यामुळे पूर्ण दाब फटीपर्यंत पोहोचतो आणि ठिणगी उडते. उडाल्यावर जो प्रवाह हेलकावू लागतो, त्याला मात्र रोध शांत करतो. रेडिओला त्रास होतो तो या हेलकाव्यांचा. डायनॅमोच्या टोकाला धारित्र, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, जोडला की जलद बदलणारा प्रवाह त्यातून परस्पर जमिनीला जातो. बॉनेट आणि सांगाडा जाड पट्टीने जोडले की बॉनेटचे आवरण पुरे होते.

हा प्रश्न केवळ गाडीमालकाचा नव्हता. रस्त्यावरून जाणारी गाडी घराघरांतल्या रेडिओंनाही त्रास देत होती. रेडिओतील व्यत्ययाचा विचार करण्यासाठी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये काम करू लागली, आणि वाहनांनी किती व्यत्यय निर्माण करावा याच्या मर्यादा तिने पुढे ठरवल्या. आपल्याकडे दारावरून स्कूटर गेली की दूरदर्शनच्या चित्रावर ठिपक्यांच्या रेघा उमटत, हे मध्यमवयीन वाचकांना आठवत असेल. आज वाहनांची ही तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या प्रयोगशाळेत होते.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग : सेलवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर मध्यमलहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. हातभर अंतरावर स्वयंपाकघरातला ठिणगीचा लायटर दाबा. गॅस अर्थातच जवळपास नको. प्रत्येक दाबाला रेडिओत ‘टक्’ ऐकू येईल. आता लायटरचे अंतर वाढवत जा. मग ट्रान्झिस्टर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून पाहा. हर्ट्झ, मोटारीचा प्लग आणि धातूचे आवरण हे तिन्ही धडे एका तासात होतात.

थाप मारण्याचा काळ

रेडिओतल्या व्हॉल्व्हना सुमारे दोनशे व्होल्ट लागत, आणि गाडीची बॅटरी ६ व्होल्टची. सुरुवातीला त्यासाठी कोरड्या सेलांची वेगळी बॅटरी ठेवत. एकदिश प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येत नाही. त्यावर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘व्हायब्रेटर’ हे उत्तर निघाले. त्यात धातूची एक पट्टी विजेच्या घंटीप्रमाणे सेकंदाला सुमारे शंभर वेळा थरथरते आणि प्रवाह तोडते-जोडते. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालतो. पण प्रवाह तोडताना ठिणगी पडतेच! म्हणजे खरखरीचा नवा उगम आता रेडिओच्या आतच आला. म्हणून व्हायब्रेटर धातूच्या डबीत बंद करावा लागला.

या पट्टीची टोके कालांतराने जळत आणि एकमेकांना चिकटत. रेडिओ मुका होई. अशा वेळी डॅशबोर्डवर एक थाप मारली की टोके सुटत आणि गाणे सुरू होई. थाप मारणे हा अडाणीपणा म्हणून आपण हसतो, पण तेव्हा तिला कारण होते. कारण गेल्यावरही सवय टिकली, एवढेच.

१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. १९५६ च्या इम्पीरियल गाडीत तो १५० डॉलर जादा देऊन मिळे. ट्रान्झिस्टरला बॅटरीचाच दाब पुरत असल्याने व्हायब्रेटरची गरज संपली, आणि त्याबरोबर थापेचीही. दुसरी सुधारणा एफएमची. एडविन आर्मस्ट्राँगला १९३३ मध्ये तिचे पेटंट मिळाले होते आणि ब्लाउपुंक्टने १९५२ मध्ये एफएम मोटार-रेडिओ आणला. ठिणगीमुळे मुख्यतः लहरीचा आयाम बिघडतो, आणि एफएममध्ये संदेश आयामात नसून कंप्रतेत असतो. त्यामुळे उगम कायम राहूनही खरखर पुष्कळ घटली.

पुढे यंत्रात हलणारे भाग आले. क्रायस्लरने १९५६ मध्ये गाडीत तबकडी वाजवण्याचा प्रयोग केला, पण तो टिकला नाही. फोर्डने १९६६ च्या गाड्यांसाठी आठ मार्गांच्या टेपचा पर्याय दिला. फिलिप्सची १९६३ ची कॅसेट पुढे जगभर पसरली. कॅसेटचे दोष डोळ्यांना दिसत : मळलेले हेड, गुंडाळली गेलेली फीत, सैल पट्टा. कापसाचा बोळा आणि स्पिरिट एवढ्यावर निम्मी दुरुस्ती घरी होत असे. घरच्या दुरुस्तीसाठी हा सर्वांत सोयीचा काळ म्हणावा लागेल, कारण दोष आणि त्याचे लक्षण एकाच जागी होते.

तारांची वस्ती

१९८६ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षीच्या ब्यूक रिव्हिएरा गाडीत बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा आला. टीव्हीसारख्या नळीच्या या पडद्यावर रेडिओ, वातानुकूलन आणि गाडीची माहिती एकत्र होती. बटण हाताला समजते, पडद्याकडे मात्र पाहावे लागते आणि नजर रस्त्यावरून हटते, ही तक्रार तेव्हाच सुरू झाली. काही वर्षांतच तो पडदा मागे घेण्यात आला. माहिती आणि मनोरंजन एकाच पडद्यावर देणाऱ्या अशा व्यवस्थेला आज ‘इन्फोटेनमेंट’ म्हणतात.

दुसरी घटना शांतपणे घडली. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत जर्मनीच्या बॉश कंपनीने ‘कॅन’ ही संदेशपद्धती मांडली. तोपर्यंत प्रत्येक स्विचपासून प्रत्येक उपकरणापर्यंत वेगळी तार जात असे. कॅनमध्ये सर्व उपकरणे दोन पीळ दिलेल्या तारांवर बसतात आणि एकमेकांना संदेश पाठवतात. रेडिओ आता एकटा राहिला नाही. स्टिअरिंगवरचे बटण, दाराचा स्विच, मागचा कॅमेरा या सर्वांशी तो बोलू लागला. साहजिकच दुसऱ्याचे दुखणे त्याच्यापर्यंत पोहोचू लागले.

तरी जुनी पद्धत इथेही उपयोगी पडली. या तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो. वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजला, तर समांतर जोडणीच्या नियमाने तो ६० ओहम यायला हवा. १२० आला तर एका टोकाचा रोध सुटला आहे. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. दहावीच्या सूत्राने कोट्यवधी संदेश वाहणाऱ्या जाळ्याचे निदान होते. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत ध्वनीची उपकरणे प्लॅस्टिकच्या प्रकाशतंतूच्या कड्यात जोडली होती. कड्यातले एक उपकरण मेले की सगळीच मुकी होत. तंत्रज्ञ एकेक उपकरण बाजूला काढून त्याच्या जागी तंतूचा छोटा दुवा जोडत जाई, आणि ज्याला काढल्यावर आवाज परत येई तो दोषी ठरे. १९३० मधली एरियल काढण्याची चाचणीच ही, फक्त साधन बदलले.

दोष माहितीत असतो तेव्हा

गेल्या काही वर्षांतल्या चार घटना एकत्र ठेवल्या, तर दोषाचा पत्ता किती दूर सरकला आहे ते कळते.

जून २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक लेक्सस गाड्यांचे पडदे आपोआप बंद-चालू होऊ लागले. गाड्यांत काहीच मोडले नव्हते. हवामान आणि रहदारीची माहिती पुरवणाऱ्या सेवेकडून सदोष माहिती प्रक्षेपित झाली होती आणि ती वाचताना प्रणाली कोसळत होती. साठलेली ती माहिती पुसून प्रणाली नव्याने सुरू केल्यावर पडदे पूर्ववत झाले.

जानेवारी २०२२ च्या अखेरीस सिएटल परिसरात २०१४ ते २०१७ या काळातल्या काही माझदा गाड्यांचे रेडिओ ९४.९ मेगाहर्ट्झ या एकाच केंद्रावर अडकले आणि पडदे पुन्हापुन्हा सुरू होऊ लागले. ते केंद्र होते केयूओडब्ल्यू. डिजिटल प्रक्षेपणात गाण्याबरोबर चित्रही पाठवता येते. त्या दिवसांत गेलेल्या काही चित्रफाइलींच्या नावाला शेवटचे प्रकारदर्शक शेपूट नव्हते. ही फाइल कसली, हे जुन्या प्रणालीला ठरवता आले नाही. इथे बंद-चालू करून उपयोग झाला नाही. नियंत्रणाचा भागच बदलावा लागला. त्याची किंमत सुमारे १,५०० डॉलर होती. अखेर कंपनीने तो विनामूल्य बदलून देण्याची तयारी दाखवली.

त्याच महिन्यात जुन्या होंडा आणि अॅक्युरा गाड्यांची घड्याळे २००२ सालात गेली. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा द्विमान अंकांत लिहिलेला असतो. दहा अंकांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात, म्हणून १०२४ आठवड्यांनी, सुमारे १९ वर्षे साडेसात महिन्यांनी, गणती शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. आपण कोणत्या आवर्तनात आहोत, हे ग्राहकयंत्राने स्वतः ठरवायचे असते. जानेवारी २०२२ मधून १०२४ आठवडे वजा केले तर मे २००२ येतो. साल जुळते, महिना जुळत नाही. म्हणजे आठवड्यांच्या गणतीच्या जोडीला गाडीतील प्रणालीतही एखादी पायरी चुकत असावी. मालकांनी घड्याळ कितीही वेळा लावले तरी ते पुन्हा मागे जाई. ऑगस्टमध्ये ते आपोआप सुधारेल, असे कंपनीने सांगितले.

चौथी घटना झिजेची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील रस्ता-सुरक्षा यंत्रणेच्या सांगण्यावरून टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पडद्यामागच्या संगणकातली ८ गिगाबाइटची स्मृती सुमारे ३,००० वेळा पुसून लिहिता येत होती. प्रणाली आपल्या कामाच्या नोंदी त्यात सतत लिहीत राही. दिवसाला सरासरी १.४ वेळा पूर्ण स्मृती लिहिली गेली, तर ३,००० भागिले १.४ म्हणजे सुमारे २,१४० दिवस, सहा वर्षांना थोडे कमी. तेवढ्यात स्मृती संपे आणि पडदा काळा होई. त्याबरोबर मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आणि काचेवरचे धुके घालवण्याची नियंत्रणेही जात. गाणे न वाजणे ही गैरसोय आहे. मागे उभे मूल न दिसणे हा धोका आहे. पडद्याचा दोष हा आता केवळ करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाही.

घरच्या घरी काय करावे?

या इतिहासातून निघणारा क्रम असा. गाडी मोकळ्या जागी उभी करून, हँडब्रेक लावूनच हे करावे. सुरुवातीला दोषाची नोंद घ्यावी : केव्हा येतो, कशानंतर येतो, इंजिन सुरू नसतानाही येतो का?

मग प्रणाली नव्याने सुरू करावी. बऱ्याच गाड्यांत आवाजाचे बटण काही सेकंद दाबून धरले की हे होते, नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. नव्याने सुरू केल्याने तात्पुरत्या स्मृतीतला गोंधळ पुसला जातो, कायम साठलेली माहिती पुसली जात नाही. म्हणूनच काही दोष याने जातात आणि काही तासाभरात परत येतात. परत आला, तर ‘दोष साठलेल्या माहितीत किंवा बाहेर आहे’ ही आपल्याला मिळालेली बातमीच आहे.

फोन जोडला जात नसेल, तर दुसरी केबल लावून पाहावी. मग त्याच केबलने दुसरा फोन. मग दोन्ही बाजूंची जुनी जोडणी पुसून नवी करावी. या तिन्ही गोष्टी एकदम करू नयेत. दोष गेला तरी कशाने गेला ते कळणार नाही.

एफएमवर खरखर असेल, तर सॉकेटमधला स्वस्त चार्जर किंवा काचेवरचा कॅमेरा काढून पाहावा. त्यांतली मंडळे प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत असतात. जुन्या व्हायब्रेटरचेच हे वंशज!

पडदा इंजिन सुरू करतानाच बंद पडत असेल, तर बॅटरी पाहावी. पूर्ण भारित बॅटरीचा दाब गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. मल्टिमीटरने हे मिनिटभरात कळते. बॅटरी सोडवण्यापूर्वी रेडिओला चोरी-प्रतिबंधक संकेतांक आहे का, ते पाहून ठेवावे. प्रणाली अद्ययावत करायची असल्यास उत्पादकाचीच फाइल घ्यावी आणि काम पुरे होईपर्यंत वीज तोडू नये. डॅशबोर्ड उघडण्याच्या फंदात पडू नये, कारण तिथेच एअरबॅगच्या तारा असतात.

एवढे करून दोष राहिला, तरी श्रम वाया जात नाहीत. ‘पडदा बिघडला’ असे सांगणारा ग्राहक आणि ‘दोन फोन, दोन केबल वापरून पाहिल्या, बॅटरी ठीक आहे, नव्याने सुरू केल्यावर वीस मिनिटांनी दोष परत येतो’ असे सांगणारा ग्राहक, यांच्यात फरक आहे. दुसऱ्याच्या गळ्यात सरसकट नवा पडदा मारणे अवघड असते.

ज्ञान कोणाजवळ?

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॉन रायडर यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंचे आराखडे जाडजूड खंडांत छापायला सुरुवात केली. गावातला मेकॅनिक ते विकत घेऊन कोणताही रेडिओ उघडू शकत होता. आज प्रणालीचा आराखडा उत्पादकाजवळ असतो. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या संशोधकांनी जीप गाडीच्या इन्फोटेनमेंटमधून दूरवरून गाडीच्या नियंत्रणांपर्यंत पोहोचता येते, हे दाखवले. कंपनीने १४ लाख गाड्यांसाठी सुधारणा काढली आणि मालकांना ती टपालाने यूएसबीवर पाठवली. मालकाने ती स्वतः गाडीत लावायची होती. दुरुस्ती घरीच झाली, पण आत काय बदलले हे मालकाला कळले नाही.

उत्पादकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. जिथून दुरुस्ती करता येते तिथूनच घुसखोरीही होऊ शकते, हे जीपच्या घटनेने दाखवलेच. पण सर्व दारे बंद केली, तर साध्या दोषासाठीही पूर्ण भाग बदलणे एवढाच मार्ग उरतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०२० मध्ये मतदारांनी तो गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत मोटारगाड्या आहेत.

कायदा होईल तेव्हा होवो, पण त्याचा उपयोग करून घेण्यासाठी प्रश्न विचारता येणारा ग्राहक आणि शोध घेता येणारा तंत्रज्ञ लागतो. तो वर्गातच घडतो. समांतर रोध, ओहमचा नियम, द्विमान संख्या हे धडे आपण शिकवतोच. त्यांच्या जोडीला मुलांच्या हाती एक बिघडलेली वस्तू द्यावी, आणि ‘काय बिघडले?’ असे विचारण्याऐवजी ‘काय बिघडलेले नाही, हे तुम्ही कसे सिद्ध कराल?’ असे विचारावे. एरियल काढून खरखर ऐकत बसलेला १९३० मधला मेकॅनिक हाच प्रश्न सोडवत होता.